ताईचे दोन एकर

3 मार्च 2024. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला तिसरा रविवार, आणि महिन्याचा पहिला म्हणून चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. आमच्या मंडळीत बाकावर बसल्या जागी भाकरीची थाळी फिरते, मागून द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे येतो. थाळी माझ्यापर्यंत आली. मी ती हातात घेतली आणि तशीच पुढे सरकवली. पेल्यांचंही तेच केलं. शेजारच्या काकांनी हळूच विचारलं, "बरं नाही का?" मी नुसती मान हलवली.

माझं दृढीकरण, म्हणजे प्रभुभोजन घेता येण्याआधीचा विधी, 1981 मध्ये झालं, सतराव्या वर्षी. तेव्हापासून आजारपण सोडलं तर प्रभुभोजन मी कधी चुकवलं नव्हतं. चर्चमध्ये हजर असून घेतलं नाही, असं त्या रविवारी पहिल्यांदा झालं. पुढे तीन महिने मी घेतलं नाही. त्या तीन महिन्यांत काय घडलं ते लिहितो आहे. ताईला विचारून लिहितो आहे. तिची एकच अट होती, नावं घालायची नाहीत.

सुरुवात पावतीपुस्तकांपासून झाली. मी आमच्या मंडळीचा खजिनदार. साखर कारखान्याच्या हिशेब विभागात आयुष्य गेलं, त्यामुळे निवृत्तीनंतर हे काम आपसूक माझ्याकडे आलं. चर्चच्या छपराची दुरुस्ती काढायची होती, म्हणून इमारत निधीत आजवर किती जमा झाले ते कमिटीने विचारलं. मी कपाटातली जुनी पुस्तकं काढून एकेक स्थळप्रत तपासत बसलो. 2014 च्या पुस्तकात माझ्याच नावाची पावती निघाली. शेतविक्रीचा दशमांश, रुपये 90,000.

तो रविवार मला लख्ख आठवत होता. त्या वर्षी मी एक एकर जमीन नऊ लाखांना विकली होती. मुलाचं इंजिनिअरिंग आणि घराचं कर्ज, दोन्ही त्यात निघालं. पण त्याआधी दहावा हिस्सा देवाचा म्हणून बाजूला काढला होता. सूचनांच्या वेळी माझं नाव वाचून दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला धन्य वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. देवाचं देवाला दिलं, याचा तो आनंद खरा होता.

दहा वर्षांनी ती स्थळप्रत हातात धरली तेव्हा 'शेतविक्री' या शब्दावर नजर अडकली. शेत माझं एकट्याचं नव्हतं.

आमची जमीन राहुरी तालुक्यात. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, पगारातून पैसा पैसा साठवून त्यांनी चार एकर घेतली. वडिलांनी त्यात विहीर खोदली. आई 2003 मध्ये गेली, वडील 2006 मध्ये. मृत्युपत्र नव्हतं. आम्ही भावंडं दोनच, ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आम्हा ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा फरकच नाही. आई हयात नव्हती, म्हणजे सरळ निम्मं निम्मं. दोन एकर ताईचे, दोन माझे. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कारखान्यात निम्म्या लोकांच्या वारसनोंदीचे कागद मीच बघून द्यायचो.

तरीही 2007 मध्ये मी ताईकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. तिला सांगितलं, दोघांची नावं सातबाऱ्यावर राहिली तर सोसायटीचं कर्ज काढताना दर वेळी तुला श्रीरामपूरहून सहीला यावं लागेल, विजेच्या कनेक्शनलाही तुझी सही लागेल, कशाला तुला हेलपाटे. वर म्हणालो, "जमीन काय, तुझीच आहे. कागदाचं काय एवढं." नाममात्र मुद्रांकावर काम झालं. तिने सही केली, अंगठा दिला, कॅमेऱ्यासमोर बसली. बाहेर आल्यावर मी तिला साडी घेतली. आपल्याकडे बहिणीने हक्क सोडला की भावाने साडी घ्यायची, ही रीत कुणी घातली कोण जाणे. तेव्हा मात्र ती मला प्रेमाची वाटली.

ताईबद्दल आणखी एक सांगितलं नाही तर हे सगळं अर्धवट राहील. तिने मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग केलं आणि नोकरीला लागली. 1982 ते 85 मी अहमदनगर कॉलेजात बी. कॉम. करत होतो. वडिलांचं दुखणं आणि त्यात दुष्काळी शेती. माझी फी, खानावळ, पुस्तकं, सगळं तिच्या मनीऑर्डरवर चाललं. त्या पैशाचा हिशेब कुणीच कधी ठेवला नाही. तिनेही नाही.

पावती सापडली त्या आठवड्यात घरप्रार्थनेचा संदेश माझ्याकडे होता. उपवासकाळात आम्ही दर बुधवारी कुणाच्या तरी घरी जमतो, गायनं होतात, पेटी-तबला असला तर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं होतात, मग वचनावर कुणीतरी बोलतं. मला मत्तयाचा पाचवा अध्याय आला होता, 23 आणि 24 ही वचनं. दान घेऊन वेदीजवळ आलास आणि तिथे आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर.

हे वचन मी शंभर वेळा ऐकलं असेल. तयारी करताना नेहमीप्रमाणे ज्यांच्यावर माझा राग होता अशी माणसं आठवू लागलो. बांधावरून भांडलेला शेजारी आठवला, कमिटीत माझ्यावर शंका घेणारे एक जण आठवले. त्यांना क्षमा करायची, असा मुद्दा लिहिलाही. मग वचन परत वाचलं आणि पेन खाली ठेवलं. माझ्या मनात कुणाविरुद्ध काय आहे, हे तिथे विचारलेलंच नाही. दुसऱ्याच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे, ते विचारलंय. आणि 'भाऊ' म्हटलंय म्हणून मी इतकी वर्षं भाऊबंदच धुंडाळत होतो. बहीण माझ्या डोळ्यांसमोर आलीच नव्हती.

प्रभूची प्रार्थना आपण मराठीत म्हणतो तिच्यात शब्द 'ऋण' आहे. जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. लहानपणापासून पाठ. आयुष्य हिशेबात गेलेल्या माणसाला तो शब्द इतक्या वर्षांत कधी टोचला नाही, याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं. रोज सकाळ-संध्याकाळ मी देवाला सांगत होतो, की माझे येणेकरी मी मोकळे केलेत. ज्यांचं मी देणं लागतो त्यांचं काय, ते त्याने विचारलं नाही असं समजून मी झोपत होतो.

त्या बुधवारी मी संदेश दिला नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. ते खोटं होतं आणि त्याचीही कबुली मला नंतर द्यावी लागली.

यानंतरचे दहा-बारा दिवस मी सर्वांत कमी अभिमानाने आठवतो. पश्चात्ताप झाला म्हणजे माणूस लगेच उठून चालू लागतो, असं माझ्या बाबतीत झालं नाही. मी वही घेतली आणि ताईचं देणं किती, ते मांडायला बसलो. पहिल्या ओळीत दोन एकर लिहिले. मग वजावटी सुरू झाल्या. विहिरीचं खोलीकरण मी केलं, त्याचे निम्मे वजा. वडिलांच्या शेवटच्या आजारपणाचा खर्च मी केला, निम्मा वजा. पाइपलाइन, बांधबंदिस्ती, इतक्या वर्षांचा शेतसारा. पान संपेपर्यंत दोन एकरांचे तीस गुंठे झाले होते, आणि मला ते अगदी न्यायाचं दिसत होतं. आकडे बरोबरच होते. आयुष्यभर मी बरोबर आकडेच लिहिले आहेत.

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय आहे, जकातदारांचा मुख्य. माझ्यासारखाच हिशेबाचा माणूस. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा तो उभा राहून म्हणाला, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. तो अध्याय वाचला आणि मग माझी वही वाचली. त्याने चारने गुणलं होतं, मी वजा करत बसलो होतो. मी ते पान फाडलं. वजाबाकीत मनीऑर्डरींची एकही ओळ नव्हती, हे फाडताना लक्षात आलं.

पाळकसाहेबांकडे, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंकडे, गेलो. वयाने ते माझ्या मुलाएवढे. मला वाटलं होतं, ते वचन देतील, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील आणि मी थोडा हलका होऊन परत येईन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "ताईंशी बोललात?"

"नाही अजून."

"मग आधी त्यांच्याकडे जा. आणि क्षमा मागायला म्हणून जाऊ नका. त्यांचं आहे ते द्यायला जा. क्षमा करायची की नाही ते त्या ठरवतील, केव्हा करायची तेही त्याच. प्रार्थना आपण करूच, पण कागद नीट करा."

प्रभुभोजनाबद्दल मी विचारलं. 1 करिंथच्या अकराव्या अध्यायात पौल सांगतो की माणसाने आधी स्वतःला पारखावं. पाळकसाहेब म्हणाले, "थांबा असं मी सांगणार नाही, घ्या असंही सांगणार नाही. पण पौल 'पारखावं आणि मग खावं' म्हणतो. 'पारखावं आणि कायमचं लांब बसावं' असं म्हणत नाही. म्हणून उशीर करू नका."

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मीपण सही केलीय माझ्या माहेरी. 2011 ला. आठवतंय?" आठवत होतं. मीच तिला मोटारसायकलवरून रजिस्टर ऑफिसला नेलं होतं. तीन भाऊ होते तिथे, सगळे प्रेमाने वागले, तिलाही साडी मिळाली. ती म्हणाली, "तुम्ही ताईंना द्या. द्यायलाच पाहिजे. पण मला आता रोज वाटत राहणार, माझ्याकडे कुणी येईल का." त्या रात्री ती बराच वेळ अंगणात बसून होती. माझ्या समेटाने तिची एक जुनी जखम उघडली होती, आणि तिच्यावर मलम लावणं माझ्या हातात नव्हतं. आजही नाही. तिच्या भावांकडे मी जाऊन बोलावं का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली.

मुलगा पुण्यात असतो. तो फोनवर चिडला. "आत्यांनी कधी मागितलंय का? मग कशाला उकरता?" त्याची बाजू मी समजू शकतो. फ्लॅटचे हप्ते आहेत, आणि त्या जमिनीचा त्याने मनात कुठेतरी आधार धरला होता. मी त्याला एवढंच सांगितलं, की तुझ्या कॉलेजच्या फीमध्ये ताईची जमीन आहे. तो काही बोलला नाही. चार दिवसांनी फोन करून म्हणाला, "पप्पा, करा तुम्हाला काय करायचं ते." नाराजी होती, पण अडवणूक नव्हती.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी मी राहुरीहून श्रीरामपूरची एसटी धरली. तासाभराचा रस्ता. राहुरी फॅक्टरी मागे पडली, देवळाली प्रवरा गेलं, आणि प्रवरेच्या पुलावर मला उतरून परत फिरावंसं वाटलं. मी तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होतो. बसमध्ये ती फार चांगली वाटत होती.

ताई एकटीच असते. दाजी जाऊन सहा वर्षं झाली. दार उघडून म्हणाली, "न कळवता आलास? सगळं ठीक ना?" चहा ठेवला. जुळवलेली वाक्यं मला काही आठवेनात. मी सरळ सांगितलं, "ताई, 2007 ला मी तुझी सही घेतली ती चुकीची होती. तुझे दोन एकर मी परत तुझ्या नावावर करतो."

ती काही बोलली नाही. चहा गाळला, बिस्किटं काढली, समोर बसली. मी पावतीचं सांगितलं, वचनाचं सांगितलं, वहीतल्या वजाबाकीचंही सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "राहू दे रे, मला काय करायचंय, असं मी म्हणेन असं वाटलं ना तुला?"

मी खाली बघितलं. खरंच तसं वाटलं होतं. बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांच्या शेवटी ती हेच म्हणत होती, मी रडत होतो आणि दोघं प्रार्थना करत होतो. जमीन जागच्या जागी राहत होती. मनातली ही गोष्ट तिने उचलून माझ्यासमोर ठेवली तोपर्यंत ती माझी मलाही दिसली नव्हती.

"नाही म्हणणार तसं," ती म्हणाली. "कागद कर. मी घेईन."

थोड्या वेळाने तिने जे सांगितलं ते मला अजून झोपेत ऐकू येतं. "जमिनीचं दुःख मला कमी होतं. सही झाल्यावर तू मला ऑफिसातून थेट स्टँडवर सोडलंस. बस मिळेल म्हणालास. मला घरी यायचं होतं. बाबांच्या खोलीत एकदा बसायचं होतं. सकाळी घरून निघाले असते तर मालकीण म्हणून निघाले असते, सही झाली आणि मी पाहुणी झाले. पाहुणीला घरी बोलवायचंही तुला सुचलं नाही."

हे मला आठवतसुद्धा नव्हतं. सतरा वर्षं नाताळाला ती यायची, केक-करंज्यांचा डबा आणायची, जेवायची आणि पाचच्या बसने जायची. मुक्काम कधी केला नाही. बायको म्हणायची, ताईंना आपल्याकडे करमत नाही बहुतेक. मला तेही पटायचं. जमिनीचा हिशेब मी तिला न विचारता मांडून बसलो होतो, आणि तिच्या मनातलं देणं भलतंच निघालं. म्हणूनच कदाचित त्या वचनात 'जा' म्हटलंय. घरात बसून ते कळत नाही.

मी क्षमा मागितली. पाळकसाहेबांनी बजावूनही तोंडातून निघालीच. ती म्हणाली, "बघू. देवाने दिली की मी पण देईन. माझ्यावर घाई करू नकोस." निघताना तिने एक विचारलं, "बाबांचं बायबल आहे का अजून?"

आता कागदांचं. ज्यांना अशाच रस्त्याने जायचं असेल त्यांच्यासाठी लिहितो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. नोंदलेलं हक्कसोडपत्र इतक्या वर्षांनी नुसतं फाडून टाकता येत नाही. वकिलांनी बक्षीसपत्राचा मार्ग सांगितला. मुलाला किंवा मुलीला शेतजमीन बक्षीस द्यायची तर आपल्या राज्यात मुद्रांक नाममात्र आहे, पण भावाने बहिणीला द्यायची तर सरकारी बाजारमूल्यावर तीन टक्के, वर अधिभार वेगळा. बहिणीचा हक्क काढून घेताना नाममात्र लागलं होतं. तो परत देताना मोजावे लागले. वकील म्हणाले, मृत्युपत्र करून ठेवा, खर्च वाचेल. मी नको म्हणालो. माझ्या मरणानंतर तिला मिळणार, आणि ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तो समेट झाला नसता.

हिशेब सोपा होता. चारातले दोन तिचे. जो एकर विकला तो माझ्या वाट्यातला धरला, म्हणजे माझ्याकडे एक एकर उरतो. विहीर दोघांत निम्मी. मधल्या सतरा वर्षांच्या पिकाचं मी काढलं, तेव्हा ताई म्हणाली, बी-खत-मजुरी तूच घातलीस, ते धरू नको. मी आग्रह केला. तिने कडक आवाजात सांगितलं, "मला माझं हवंय. तुझं नको." मोजणीचा अर्ज मार्चमध्ये केला, मोजणीदार एप्रिलच्या उन्हात आले, खुणा ठोकल्या. तिकडचे शेतकरी विचारायचे, भांडण झालं का? भाऊ आपणहून बहिणीला देतोय, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. एका म्हाताऱ्या बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कोर्टाची नोटीस आली का?" मी म्हटलं, "हो, तशीच काहीतरी."

त्या वर्षीचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, मला वेगळा गेला. बारा ते तीन, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार. दर वर्षी मी पहिल्या उद्गारावर हळवा होतो, क्षमेच्या. या वेळी तिसऱ्यावर अडकलो. स्वतः खिळलेला असताना तो आईला एका शिष्याच्या हाती सोपवतो, आणि तो शिष्य तिला आपल्या घरी नेतो. योहानाने मुद्दाम लिहून ठेवलंय, घरी नेतो. मी ताईला स्टँडवर सोडलं होतं.

ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेलाही मी प्रभुभोजन घेतलं नाही. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, निवडणुकीचं मतदान उरकल्यावर, नोंदणी झाली. तसंच ऑफिस, तसंच अंगठ्याचं यंत्र, तसाच कॅमेरा. बक्षीसपत्र घेणाऱ्याने स्वीकारावं लागतं, म्हणून ताईचीही सही. 2007 मध्ये ती देणारी म्हणून बसली होती, आता घेणारी म्हणून. चष्मा पुसून तिने दस्ताची सगळी पानं वाचली. मागे रांग होती, कारकुनाने घाई केली, तरी वाचली. गट नंबर बोट ठेवून तपासला. मागच्या वेळी तिने एकही पान वाचलं नव्हतं, कारण मी शेजारी उभा होतो.

बाहेर आलो. साडी घेतली नाही. तिला घरी घेऊन आलो. वडिलांची खोली आता मुलाचं कपाट आणि धान्याच्या कोठ्यांनी भरली आहे. बायकोने सकाळीच खुर्ची लावून ठेवली होती. ताई तिथे बसली. मी कापडात गुंडाळलेलं वडिलांचं बायबल तिच्या हातात दिलं. आमच्याकडे बऱ्याच घरांत असतं तसं त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर वडिलांच्या अक्षरात घरातले जन्म, बाप्तिस्मे आणि मृत्यू लिहिलेले आहेत. निळी शाई फिकी झाली आहे. लग्नाच्या तारखेखाली पहिली ओळ ताईच्या जन्माची, मग बाप्तिस्म्याची. त्याच्याखाली आठ वर्षांनी मी. सातबाऱ्यावरून मी तिचं नाव काढलं होतं त्या सगळ्या काळात ते या पानावर पहिलं होतं, आणि हे बायबल माझ्याच कपाटात होतं. तिने बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग आम्हा दोघांना म्हणाली, "बाहेर जा थोडा वेळ."

त्या रात्री ती राहिली.

2 जूनला, महिन्याच्या पहिल्या रविवारी, थाळी माझ्याकडे आली तेव्हा मी भाकर घेतली. ताई श्रीरामपूरला तिच्या मंडळीत होती. शेजारच्या काकांनी या वेळी काही विचारलं नाही. चर्चमधून आल्यावर मी कमिटीला पत्र लिहून 2014 च्या पावतीची आणि घरप्रार्थनेला सांगितलेल्या खोट्या कारणाची हकीकत कळवली, आणि खजिनदारपद सोडायची तयारी दाखवली. त्यांनी ते पद माझ्याकडेच ठेवलं, पण सहीला दुसरा माणूस जोडला. ते मला योग्य वाटतं.

आपल्या मंडळ्यांतल्या माणसांना एक विचारावंसं वाटतं, कुणाला राग येईल तरी. दर एप्रिलमध्ये आपण पंडिता रमाबाईंची आठवण काढतो, केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनला सहली नेतो, महिला रविवारी गलतीकरांस पत्रातलं वचन वाचतो, की ख्रिस्तात पुरुष नाही आणि स्त्री नाही. कायदाही आपल्याला तेच सांगतो. मग आपल्या बाकांवर बसलेल्या किती बहिणींनी साडीवर सही केली आहे? माझ्याच घरात दोघी होत्या. हा प्रश्न मी कमिटीत मांडला तेव्हा बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. एक जण नंतर घरी येऊन वकिलांचा नंबर घेऊन गेले.

फेरफाराला वेळ लागला. ऑगस्टमध्ये सातबाऱ्याचा उतारा हातात आला, ताईचं नाव, दोन एकर. तिने शेती कुणाला लावायची हे विचारलं, मग स्वतःच म्हणाली, "तूच कर. निम्म्या वाट्याने. पण हिशेब लिहून पाठवायचा." त्या पावसाळ्यात बाजरी झाली, ती सरळ वाटून घेतली. रब्बीला कांदा लावला. एप्रिल 2025 मध्ये वांबोरीच्या मार्केटला नेला, पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, आली. मी वहीत नीट मांडलं: बियाणं, लागवडीची मजुरी, खत, फवारणी, काढणी, गोण्या, भाडं, हमाली, तोलाई. खाली निम्मी रक्कम काढली, पानाचा फोटो ताईला पाठवला आणि पैसे तिच्या खात्यावर टाकले.

तासाभरात तिचा फोन आला. ती आता क्षमेबद्दल काही बोलेल का, असं मला अजूनही प्रत्येक फोनला वाटतं.

"हमाली दोनदा धरलीस," ती म्हणाली. "एकदा पट्टीत कापून आलीय, परत तू खाली लिहिलीस. नीट बघ."

मी पट्टी काढून बघितली. खरंच दोनदा धरली होती. ओळ खोडली, बेरीज नव्याने केली, फरकाचे पैसे पाठवले.

"आले," ती म्हणाली. "आणि नाताळाला मी दोन दिवस आधी येते. करंज्या तिकडेच करू."